अतिध्रुवणाचा इतिहास : अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनातील दुबळ्या संकेताच्या बळकटीकरणाची वाटचाल (१९५३ ते २०२२)

प्रस्तावना

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, १९४५ च्या अखेरीस व १९४६ च्या आरंभी, अमेरिकेतील दोन विद्यापीठांत परस्परांपासून स्वतंत्रपणे एकच शोध लागला. हार्वर्ड येथे एडवर्ड पर्सेल, हेन्री टोरी व रॉबर्ट पाउंड यांनी पॅराफिन मेणातील, तर स्टॅनफर्ड येथे फेलिक्स ब्लॉक, विल्यम हॅन्सन व मार्टिन पॅकार्ड यांनी पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा चुंबकीय संकेत टिपला. रेणूंच्या झोतामधील अणुकेंद्रांचे असे अनुस्पंदन इसिडोर रॅबी यांनी १९३८ मध्येच दाखविले होते. परंतु रोजच्या व्यवहारातील घन व द्रव पदार्थांत ते प्रथमच दिसत होते. या कार्याबद्दल ब्लॉक व पर्सेल यांना १९५२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजेच एनएमआर, ही पद्धती रसायनशास्त्राचे अपरिहार्य साधन ठरली आणि एमआरआयच्या रूपाने रुग्णालयांत पोहोचली.

मात्र या पद्धतीत जन्मापासूनच एक मोठे वैगुण्य आहे. तिचा संकेत अत्यंत दुबळा असतो. हे वैगुण्य दूर करण्यासाठी गेल्या सात दशकांत जे प्रयत्न झाले, त्यांतील एका महत्त्वाच्या परंपरेस अतिध्रुवण असे म्हणता येईल. या परंपरेचा ऐतिहासिक आढावा घेणे आणि तिच्यातील मूळ कल्पना प्रत्यक्ष उपयोगात येण्यास अर्धशतक का लागले, या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा विलंब सिद्धान्ताच्या अभावामुळे नव्हे, तर विद्याशाखांमधील अंतरामुळे व साधनांच्या उणिवेमुळे झाला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

संकेत दुबळा का असतो?

हायड्रोजनचे अणुकेंद्र हे एका अतिसूक्ष्म चुंबकासारखे वागते. बाह्य चुंबकीय क्षेत्रात त्याला दोनच स्थिती उपलब्ध असतात : क्षेत्राच्या दिशेने किंवा तिच्या विरुद्ध. पहिल्या स्थितीची ऊर्जा किंचित कमी असते. त्यामुळे सर्वच अणुकेंद्रे त्या स्थितीत जावीत, अशी अपेक्षा केली जाईल. परंतु सामान्य तापमानात उष्णतेची हालचाल इतकी प्रबळ असते की दोन्ही स्थितींत जवळजवळ सारखीच अणुकेंद्रे राहतात. दीड टेस्ला क्षेत्राच्या एमआरआय यंत्रात, शरीराच्या तापमानाला, दहा लाख प्रोटॉनांमागे एका बाजूस असलेले आधिक्य केवळ पाचाच्या आसपास असते. एका बाजूचा संकेत दुसऱ्या बाजूच्या संकेतास खोडून काढतो आणि मोजमापास उरतो तो या पाचांचाच संकेत. या आधिक्याच्या प्रमाणास ध्रुवण म्हणतात.

मानवी शरीरात पाणी विपुल असल्यामुळे इतक्या अल्प ध्रुवणावरही एमआरआयची चित्रे मिळू शकतात. कार्बनच्या बाबतीत मात्र परिस्थिती बिकट आहे. सर्वसामान्य कार्बन-१२ चे अणुकेंद्र चुंबकीयदृष्ट्या मूक असते. बोलके असते ते कार्बन-१३ चे. पण निसर्गात त्याचे प्रमाण १.१ टक्काच आहे आणि त्याचे चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे एक चतुर्थांश आहे. जीवनाची रसायनक्रिया ज्या मूलद्रव्याभोवती फिरते, तेच मूलद्रव्य या पद्धतीस इतके कमी दिसावे, हा या विषयातील मोठाच अडसर होता.

त्यावर तीन सरळ उपाय होते. पहिला उपाय अधिक बलवान चुंबकाचा. परंतु आज उपलब्ध असलेल्या २८.२ टेस्लाच्या चुंबकातही सामान्य तापमानाला प्रोटॉनचे ध्रुवण दहा हजारांत एक इतकेच असते. दुसरा उपाय तापमान उतरविण्याचा. पण त्यामुळे द्रव गोठतात आणि जिवंत ऊतींच्या बाबतीत तर तो विचारही करता येत नाही. तिसरा उपाय एकच मोजमाप पुनःपुन्हा करून बेरीज घेण्याचा. त्यात संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर मोजमापांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दहापट लाभासाठी शंभरपट वेळ द्यावा लागतो. अतिध्रुवण हा चौथा उपाय होय. अणुकेंद्रांपाशी जी सुव्यवस्था नाही, ती जिच्यापाशी आहे अशा दुसऱ्या प्रणालीकडून उसनी घ्यावयाची, हे त्याचे सूत्र आहे.

ओव्हरहाउझर यांची कल्पना आणि तज्ज्ञांची शंका

इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे ६५८ पट असते. त्यामुळे त्याच क्षेत्रात व त्याच तापमानाला इलेक्ट्रॉनांचे ध्रुवणही तितक्याच पटीने अधिक असते. इलेक्ट्रॉनांचे चुंबकीय अनुस्पंदन येवगेनी झावोइस्की यांनी १९४४ मध्ये रशियातील कझान येथे दाखविले होते. या दोन गोष्टींची सांगड घातली ती अल्बर्ट ओव्हरहाउझर या तरुण सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञाने. बर्कले येथे डॉक्टरेट मिळविल्यानंतर ते इलिनॉय विद्यापीठात संशोधन करीत होते. धातूतील मुक्त इलेक्ट्रॉनांचे अनुस्पंदन योग्य लहरींच्या साहाय्याने संपृक्त केले, तर समतोल साधण्याच्या धडपडीत अणुकेंद्रांचे ध्रुवण कित्येक पटींनी वाढेल, असा निष्कर्ष त्यांनी १९५३ मध्ये मांडला.

ही मांडणी सामान्य समजुतीच्या विरुद्ध होती. इलेक्ट्रॉनांना बाहेरून ऊर्जा द्यावयाची, म्हणजे एका अर्थी त्यांना तापवावयाचे. आणि त्यामुळे अणुकेंद्रे मात्र जणू थंड होणार, अधिक शिस्तबद्ध होणार! ऊष्मागतिकीच्या नियमांशी हे विसंगत असल्याचा ग्रह अनेकांचा झाला. नॉर्मन रॅमसे यांच्यासारख्या या क्षेत्रातील मातब्बर शास्त्रज्ञांनीही प्रथम शंका व्यक्त केली. वस्तुतः विसंगती नव्हती. बाहेरून सतत ऊर्जा पुरविली जात असल्याने ती प्रणाली एकाकी नव्हती आणि एका भागातील सुव्यवस्थेची किंमत दुसऱ्या भागात चुकती होत होती.

या वादाचा निकाल प्रयोगाने लागला. इलिनॉय येथेच चार्ल्स स्लिक्टर व त्यांचे विद्यार्थी थॉमस कार्व्हर यांनी लिथियम धातूवर प्रयोग केला. त्यांनी जाणूनबुजून सुमारे ३० गाउस इतके क्षीण क्षेत्र निवडले, कारण अशा क्षेत्रात इलेक्ट्रॉनांना संपृक्त करण्यासाठी साधे रेडिओ उपकरण पुरेसे होते. संपृक्तीवाचून लिथियमचा संकेत गोंगाटात पूर्णपणे बुडालेला होता. इलेक्ट्रॉनांवर लहरींचा मारा सुरू होताच तो ठळकपणे वर आला. वाढ सुमारे शंभरपट होती. १९५३ मध्येच हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि शंका मिटली. या प्रसंगाचे महत्त्व केवळ एका तरुणाच्या विजयापुरते नाही. शंका घेणाऱ्यांनी मूलभूत नियमाचा आधार घेतला होता. चूक होती ती तो नियम कोणत्या प्रणालीस लागू करावयाचा, याच्या आकलनात.

ओव्हरहाउझर यांच्या विचारास आणखी एक फाटा फुटला. १९५५ मध्ये आयोनेल सॉलोमन यांनी हीच देवाणघेवाण दोन अणुकेंद्रांमध्येही होते, हे दाखविले. येथे संकेतवाढ अल्प असते. पण ती दोन अणुकेंद्रांमधील अंतरावर अवलंबून असल्याने रेणूची रचना उलगडण्यास तिचा उपयोग होतो. भारतीय शास्त्रज्ञ अनिल कुमार यांनी रिचर्ड अर्न्स्ट व कुर्ट व्यूट्रिख यांच्यासमवेत १९८० मध्ये प्रथिनांसाठी या परिणामावर आधारित द्विमितीय पद्धती विकसित केली. प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचे द्रावणातील संशोधन तीमुळे शक्य झाले. त्याआधी १९५१ मध्ये स्टॅनफर्ड येथे अल्कोहोलमधील तीन प्रकारच्या प्रोटॉनांचे तीन वेगळे संकेत दाखविणाऱ्या प्रसिद्ध प्रयोगात अर्नोल्ड व पॅकार्ड यांच्यासमवेत एस. एस. धर्मट्टी यांचा सहभाग होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा पाया त्यांनीच घातला. दुबळा संकेतही रेणूविषयी किती तपशिलाने बोलू शकतो, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले होते. संकेत वाढविण्याची निकड त्यातूनच रसायनशास्त्रज्ञांस जाणवू लागली.

घन पदार्थ आणि दोन विद्याशाखांमधील भिंत

धातूंपुरती मर्यादित वाटणारी ही कल्पना १९५७–५८ च्या सुमारास विद्युत्‌रोधक घन पदार्थांतही लागू करण्यात आली. बर्कले येथे कार्सन जेफ्रीज आणि फ्रान्समधील साक्ले येथे अनातोल आब्रागाम व वॉरन प्रॉक्टर यांनी या दिशेने काम केले. अत्यल्प प्रमाणात चुंबकीय अशुद्धी मिसळलेले स्फटिक एक केल्विनच्या आसपास थंड करून त्यांवर सूक्ष्मतरंगांचा मारा केला, तर प्रोटॉनांचे ध्रुवण कित्येक दशांश टक्क्यांवर नव्हे, तर चक्क सत्तर टक्क्यांच्या घरात नेता येते, हे १९६० च्या दशकात दिसून आले.

या यशाचा लाभ प्रथम घेतला तो कणभौतिकीने. वेगवान कणांचा मारा करण्यासाठी ध्रुवित लक्ष्ये हवी होती आणि ती या तंत्राने मिळाली. युरोप व अमेरिकेतील प्रयोगशाळांनी पुढील तीन दशके हे तंत्र परिपूर्ण केले. परंतु त्यांना हवा होता तो गोठलेला घन पदार्थ. रसायनशास्त्रज्ञ व वैद्यक यांना हवा होता द्रव, तोही सामान्य तापमानाचा. एका शाखेतील पूर्णत्वास गेलेले ज्ञान दुसऱ्या शाखेच्या दारापर्यंत येऊन थांबले होते.

आणखी एक अडचण साधनांची होती. क्षेत्र जसे वाढते, तशी इलेक्ट्रॉनांसाठी लागणाऱ्या लहरींची वारंवारताही वाढते. पाच टेस्ला क्षेत्रात ती १४० गिगाहर्ट्झ होते आणि इतक्या वारंवारतेस पुरेशी शक्ती देणारे स्रोतच रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत नव्हते. संलयन संशोधनातील प्लाझ्मा तापविण्यासाठी सोव्हिएत संघात विकसित झालेले जायरोट्रॉन हे उपकरण मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील रॉबर्ट ग्रिफिन यांच्या गटाने या कामी योजिले. १९९३ मध्ये त्यांनी पाच टेस्लामधील यश प्रसिद्ध केले आणि घन पदार्थांच्या उच्च क्षेत्रातील संशोधनास नवे वळण मिळाले.

वायूंचा मार्ग : प्रकाशाकडून अणुकेंद्राकडे

सुव्यवस्था उसनी देणारा दुसरा सावकार होता प्रकाश. आल्फ्रेड कास्तलेर यांनी १९५० च्या सुमारास मांडलेल्या प्रकाशीय पंपनाच्या पद्धतीत वर्तुळ-ध्रुवित प्रकाशाच्या साहाय्याने अणूंमधील इलेक्ट्रॉनांना एकाच स्थितीत आणता येते. त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० मध्ये प्रिन्स्टन येथे बुशिया, कार्व्हर व व्हार्नम यांनी रुबिडियमच्या वाफेतील ही सुव्यवस्था टकरींच्या मार्गे हीलियम-३ च्या अणुकेंद्रांकडे सुपूर्द करता येते, हे दाखविले. यांतील कार्व्हर हे लिथियमचा प्रयोग करणारेच कार्व्हर होत. अतिध्रुवणाच्या दोन भिन्न वाटांच्या प्रारंभी एकच प्रयोगकर्ता उभा असावा, ही बाब या इतिहासात आवर्जून नोंदविण्याजोगी आहे.

पुढे विल्यम हॅपर यांच्या गटाने या प्रक्रियेचा सखोल अभ्यास केला आणि झेनॉन-१२९ वरही ती यशस्वी झाली. १९९४ मध्ये उंदराच्या काढून घेतलेल्या फुप्फुसांचे अतिध्रुवित झेनॉनच्या आधारे घेतलेले चित्र प्रसिद्ध झाले. फुप्फुसे हवेने भरलेली असल्याने साध्या एमआरआयमध्ये ती काळोखी दिसतात. येथे हवेच्या जागीच उजेड पडला. १९९६ मध्ये हीलियम-३ वापरून मानवी फुप्फुसांची चित्रे घेण्यात आली. परंतु हीलियम-३ मुख्यतः ट्रिटियमच्या ऱ्हासातून मिळतो. सुरक्षेसाठीच्या न्यूट्रॉन शोधकांत त्याची मागणी वाढल्यावर २००८ च्या सुमारास त्याची तीव्र टंचाई निर्माण झाली आणि संशोधक झेनॉनकडे वळले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फुप्फुसांतील वायुवीजन तपासण्यासाठी अतिध्रुवित झेनॉनला मान्यता दिली. १९६० च्या प्रयोगापासून हा काळ बासष्ट वर्षांचा होतो.

रसायनक्रियांचा मार्ग : चुकीचे नाव, चुकीचे निदान

तिसरी वाट अनपेक्षितपणे सापडली. १९६७ मध्ये जर्मनीत बार्गॉन, फिशर व जॉनसन यांना, तसेच अमेरिकेत वॉर्ड व लॉलर यांना चालू रसायनक्रियेच्या वेळी घेतलेल्या वर्णपटांत विलक्षण तीव्र, काही ठिकाणी उलट्या दिशेच्या रेषा दिसल्या. प्रथम त्यांचा अर्थ ओव्हरहाउझर परिणामाच्या चौकटीत लावला गेला आणि तदनुसार नामकरणही झाले. १९६९ मध्ये क्लॉस आणि कापटाइन व ऊस्टरहॉफ यांनी खरे कारण मुक्त मूलकांच्या जोड्यांमध्ये असल्याचे दाखविले. स्पष्टीकरण बदलले, नाव मात्र तेच राहिले.

हीच गोष्ट पुढे आणखी एकदा घडली. हायड्रोजन जोडण्याच्या काही क्रियांतही अशाच विचित्र रेषा दिसत होत्या आणि त्यांचे श्रेय मुक्त मूलकांना दिले जात होते. कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेतील बॉवर्स व वायटेकॅम्प यांनी १९८६ मध्ये सैद्धान्तिक आणि १९८७ मध्ये प्रायोगिक पुरावा देऊन त्यांचे मूळ पॅराहायड्रोजनमध्ये असल्याचे सिद्ध केले. हायड्रोजनच्या या प्रकारात रेणूतील दोन्ही प्रोटॉन परस्परविरुद्ध स्थितीत घट्ट जोडलेले असतात. स्वतः तो रेणू चुंबकीयदृष्ट्या मूक असतो. परंतु रसायनक्रियेने त्याची सममिती मोडली की दडलेली सुव्यवस्था प्रकट होते. सामान्य तापमानाला हायड्रोजनमध्ये त्याचे प्रमाण २५ टक्के असते, द्रव नायट्रोजनच्या तापमानाला उत्प्रेरकाच्या साहाय्याने ते सुमारे ५० टक्के होते आणि २० केल्विनच्या आसपास जवळजवळ पूर्ण होते. २००९ मध्ये यॉर्क विद्यापीठातील डकेट, ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पाऊल पुढे टाकले. पॅराहायड्रोजन व दुसरा रेणू हे दोन्ही इरिडियमच्या संयुगास तात्पुरते चिकटले, तर दुसऱ्या रेणूत कोणताही रासायनिक बदल न होता त्याचे ध्रुवण वाढते, असे त्यांनी दाखविले.

विरघळविण्याची युक्ती : २००३ आणि त्यानंतर

घन पदार्थांतील प्रचंड ध्रुवण द्रवात कसे आणावयाचे, या जुन्या प्रश्नाचे उत्तर स्वीडनमधील माल्मो येथे, एका औषधनिर्मिती कंपनीच्या संशोधन विभागात मिळाले. यान हेन्रिक आर्डेनकेअर-लार्सेन, क्लास गोलमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुन्यात ट्रायटिल नावाचा स्थिर मुक्त मूलक मिसळला, ३.३५ टेस्ला क्षेत्रात तो सव्वा केल्विनच्या आसपास थंड केला, सूक्ष्मतरंगांनी त्यातील कार्बन-१३ ध्रुवित केला आणि नंतर अतितप्त पाणी सोडून तो काही सेकंदांत विरघळविला. ध्रुवण टिकून राहिले. युरियातील कार्बनचे ध्रुवण ३७ टक्के भरले. ९.४ टेस्लातील सामान्य तापमानाच्या संकेताशी तुलना करता ही वाढ ४४,४०० पट होती. १९५३ च्या कल्पनेस बरोबर पन्नास वर्षे झाली असताना, २००३ मध्ये, हे संशोधन प्रसिद्ध झाले.

या तंत्राचा सर्वांत महत्त्वाचा उपयोग पायरुव्हिक आम्लाच्या क्षारावर झाला. ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखविल्याप्रमाणे कर्करोगाच्या पेशी ऑक्सिजन उपलब्ध असतानाही ग्लुकोजचे लॅक्टिक आम्लात मोठ्या प्रमाणावर रूपांतर करतात. अतिध्रुवित पायरुव्हेट शिरेतून दिले, तर त्याचे लॅक्टेटमध्ये होणारे रूपांतर प्रत्यक्ष पाहता येते, कारण दोहोंचे संकेत वेगवेगळ्या ठिकाणी उमटतात. यात किरणोत्सर्गही नसतो. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून प्रोस्टेट कर्करोगाच्या ३१ रुग्णांवरील पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला.

मात्र उसन्या संपत्तीस मुदत असते. पायरुव्हेटमधील ध्रुवित कार्बनचा क्षयकाल एका मिनिटाच्या आसपास आहे. दर मिनिटास ध्रुवण मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येते. पाच मिनिटांनंतर शंभरातील एक भागही धड उरत नाही. शिवाय प्रत्येक मोजमाप उरलेल्या साठ्यातूनच खर्च करते. या अवधीत द्रावणाची आम्लता, तापमान व त्यात उरलेल्या मूलकाचे प्रमाण तपासून ते रुग्णाच्या शरीरात पोहोचवावे लागते. त्यामुळे ध्रुवण करणारे यंत्र रुग्णाच्या जवळच असावे लागते आणि त्यासाठी अतिशीत हीलियमची व्यवस्था लागते. ज्या रुग्णालयांकडे ही साधने नाहीत, तेथील रुग्णांस हे निदान उपलब्ध नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) अतिध्रुवणाची मूळ कल्पना १९५३ मध्येच सैद्धान्तिक व प्रायोगिक अशा दोन्ही अंगांनी सिद्ध झाली होती. पुढील विलंब मुख्यतः योग्य मुक्त मूलक, उच्च वारंवारतेचे स्रोत व शक्तिशाली लेसर यांच्या अभावी झाला. यांपैकी जायरोट्रॉनसारखे साधन तर सर्वस्वी वेगळ्या प्रयोजनासाठी निर्माण झाले होते.

२) कणभौतिकीतील ध्रुवित लक्ष्यांचे ज्ञान वैद्यकापर्यंत येण्यास चार दशके लागली. विद्याशाखांमधील भिंती हे केवळ शैक्षणिक व्यवस्थेचे वैगुण्य नसून त्याची किंमत रुग्णांना मोजावी लागते, हे या उदाहरणावरून दिसते.

३) या इतिहासात चुकीच्या स्पष्टीकरणांनीही प्रगतीस हातभार लावला. एकाच प्रकारच्या विचित्र रेषांचे दोनदा पुनर्निदान झाले आणि दोन्ही वेळा नवी पद्धती हाती आली. निरीक्षण प्रामाणिकपणे नोंदविले गेले होते, म्हणूनच नंतर त्याचा योग्य अर्थ लावता आला.

४) संकेत हजारो पटींनी वाढविण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे, तो टिकविण्याचा व सर्वांपर्यंत पोहोचविण्याचा प्रश्न शिल्लक आहे. या दृष्टीने पॅराहायड्रोजनची वाट विशेष लक्षणीय ठरते. तिच्यासाठी द्रव हीलियम अनिवार्य नाही. अर्धे पॅराहायड्रोजन देण्यास द्रव नायट्रोजन पुरेसा होतो आणि तो आपल्याकडील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आजही उपलब्ध असतो. मर्यादित साधनांच्या संस्थांनी या संशोधनात कोठून प्रवेश करावा, याचा विचार करताना ही बाब उपयुक्त ठरावी.